हंस, देवमासा आणि समुद्रतळ
लेखमाला : राजमुकुटाची मालमत्ता – लेखांक ५

ब्रिटनच्या राजाच्या मालमत्तेचा विषय निघाला की प्रथम हिरेजडित मुकुट, राजवाडे आणि शिकारीची राने आठवतात, आणि मागील लेखांकांत त्यांचाच परामर्श घेतला गेला. परंतु विद्यमान राजे तिसरे चार्ल्स यांच्याकडे कायद्याने ज्या गोष्टींची मालकी जाते त्यांत टेम्स नदीवरील हंस, किनाऱ्याला लागलेला देवमासा, भूमीच्या पोटातील सोने-रुपे, बायबलच्या एका इंग्रजी भाषांतराच्या छपाईचा हक्क आणि देशाभोवतीचा समुद्रतळ यांचाही समावेश होतो. अशा गोष्टींच्या याद्या वर्तमानपत्रांतून गंमत म्हणून वारंवार छापल्या जातात आणि वाचकही त्या राजघराण्याच्या लहरी समजून सोडून देतात. वास्तविक त्यांतील बहुतेक नोंदींच्या मुळाशी सरंजामशाहीच्या काळातील एकच धारणा आहे, ती अशी की ज्या वस्तूला दुसरा धनी सिद्ध करता येत नाही तिचा धनी राजा. ही धारणा कशी निर्माण झाली, तिच्यातून राजाच्या पदरात काय काय पडले आणि पुढे त्यातील किती त्याच्या हातात उरले, याचा विचार प्रस्तुत लेखांकात करावयाचा आहे.

त्यासाठी ‘राजाची वस्तू’ या शब्दप्रयोगाखाली एकत्र होणारे मालकीचे प्रकार आधी वेगळे केले पाहिजेत. नॉर्फकमधील सँड्रिंगहॅम आणि स्कॉटलंडमधील बॅलमोरल या इस्टेटी राजाच्या खासगी होत. १९३६ मध्ये आठव्या एडवर्ड यांनी राज्यत्याग केला तेव्हा राजपद गेले तरी या इस्टेटी त्यांच्याकडेच राहिल्या आणि धाकटे बंधू सहावे जॉर्ज यांना त्या पैसे मोजून विकत घ्याव्या लागल्या. याउलट बकिंगहॅम राजवाडा किंवा राज्याभिषेकाचा मुकुट यांच्यासाठी कोणी कोणाला पैसे दिले नाहीत, कारण या वस्तू पदाबरोबर चालतात. ‘पद’ आणि ‘पदस्थ’ यांच्यातील हा भेद इंग्रज न्यायाधीशांनी सोळाव्या शतकात एका विलक्षण सिद्धांतातून मांडला. सहावे एडवर्ड यांनी अल्पवयीन असताना लँकेस्टरच्या जहागिरीतील जमिनीचा एक भाडेपट्टा करून दिला होता आणि तो ग्राह्य धरावा किंवा नाही असा वाद एलिझाबेथ पहिली हिच्या कारकीर्दीत उपस्थित झाला. त्यावर राजाला दोन देह असतात, एक जन्मणारा, आजारी पडणारा व मरणारा आणि दुसरा राज्यकारभाराचा, ज्याला बाल्य नाही, वार्धक्य नाही आणि मृत्यूही नाही, असे प्रतिपादन करून तो भाडेपट्टा वैध ठरविण्यात आला. पुढे येणाऱ्या साऱ्या चमत्कारिक मालमत्तेचा धनी हा दुसरा देह आहे, आणि आजच्या कायदेशीर परिभाषेत त्यालाच ‘क्राउन’ म्हणजे राजमुकुट असे म्हणतात.

रॉयल कलेक्शन या नावाने ओळखला जाणारा दहा लाखांहून अधिक वस्तूंचा संग्रहही असाच आहे. राजा तो आपल्या वारसांसाठी व राष्ट्रासाठी विश्वस्त म्हणून सांभाळतो, म्हणजे त्याला तो विकता येत नाही. लिओनार्दो दा विंचीची सुमारे साडेपाचशे रेखाचित्रे आणि शाहजहानच्या कारकीर्दीचा सचित्र इतिहास सांगणारी ‘पादशाहनामा’ची हस्तलिखित प्रत ही विंडसर येथे आहेत. तेथेच राणी मेरी हिच्यासाठी १९२१ ते १९२४ या काळात तयार झालेले बाहुल्यांचे घरही आहे, ज्यातील प्रत्येक वस्तू मूळ आकाराच्या बाराव्या हिश्शाची असून ज्यात विजेचे दिवे लागतात, नळाला पाणी येते, उद्वाहन चालते आणि तळघरातील इवल्या बाटल्यांत खरे मद्य भरलेले आहे. कॉनन डॉइल व किपलिंग यांच्यासारख्या लेखकांनी त्याच्या ग्रंथालयासाठी स्वहस्ते इवली पुस्तके लिहून दिली आणि बर्नार्ड शॉ यांनी नकार दिला. त्याचे वास्तुकार एडविन लट्येन्स त्याच वर्षांत नवी दिल्ली उभारण्यात गुंतलेले होते, हा योगायोग भारतीय वाचकाला रंजक वाटावा.

मराठी वाचकाच्या दृष्टीने याच संग्रहातील एक वस्तू अधिक जिव्हाळ्याची आहे. युवराज असताना एडवर्ड सातवे १८७५-७६ मध्ये भारतभेटीवर आले, तेव्हा कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांच्याकडून त्यांना नजर झालेल्या शस्त्रांत शिवाजी महाराजांची म्हणून नोंदलेली एक रत्नजडित तलवार होती. ती ‘भवानी’ की ‘जगदंबा’ हा वाद येथे अप्रस्तुत आहे. मालकीचा मुद्दा मात्र प्रस्तुत आहे. जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आलेली वाघनखे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची, म्हणजे एका सार्वजनिक संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळाच्या ताब्यातील, आणि ती तीन वर्षांच्या बोलीने उसनी मिळाली. तलवार मात्र राजसंग्रहातील असल्याने तिच्याविषयीची मागणी वेगळ्या दारावर करावी लागते. ‘लंडनमध्ये आहे’ एवढ्या मोघम माहितीवर चालणाऱ्या आपल्याकडील चर्चेत हा भेद सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

संग्रहातील वस्तू कितीही अद्भुत असल्या तरी त्या कोणी तरी दिलेल्या, घेतलेल्या किंवा लुटलेल्या असतात. हंसांचे तसे नाही. ब्रिटनमध्ये आढळणारा नारिंगी चोचीचा मूक हंस मध्ययुगात मेजवानीचे मानाचे पक्वान्न होता आणि म्हणून त्याच्या मालकीला सामाजिक प्रतिष्ठा होती. १४८२ च्या कायद्याने ज्याच्या जमिनीचे वार्षिक उत्पन्न निदान पाच मार्क आहे त्यालाच हंस बाळगता येतील असे ठरविले. मार्क हे हिशेबातील परिमाण असून त्याची किंमत पौंडाच्या दोन तृतीयांश एवढी होती. ज्यांना परवानगी असे ते आपल्या हंसांच्या चोचीवर ठरावीक खाच पाडून खूण करीत, या खुणांच्या वह्या राखल्या जात, आणि उघड्या पाण्यावर विहरणारा जो हंस बिनखुणेचा आढळे तो राजाचा समजला जाई.

१५९२ मध्ये डॉर्सेटमधील ॲबट्सबरी येथील हंसांबद्दल झालेल्या खटल्याचा वृत्तांत एडवर्ड कोक या नामांकित कायदेपंडिताने लिहून ठेवला आहे आणि त्यात पिलांच्या वाटणीचा नियम येतो. गाईचे वासरू गाईच्या मालकाचे असते, बैलाच्या मालकाचा त्यावर हक्क नसतो. हंसाच्या पिलांची मात्र नराचा मालक व मादीचा मालक यांच्यात निम्मी निम्मी वाटणी होते, आणि त्याचे कारण कोकने असे दिले आहे की हंस एकाच मादीशी एकनिष्ठ राहतो. पक्ष्याच्या दांपत्यनिष्ठेवरून वारसाहक्काचा नियम काढणारे हे तर्कशास्त्र इंग्रजी कायद्याच्या इतिहासातील सर्वांत प्रसन्न पानांपैकी एक मानावयास हरकत नाही.

ही वाटणी करण्यासाठी जी वार्षिक मोजदाद होई ती ‘स्वान अपिंग’ या नावाने आजही जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाच दिवस चालते. राजाच्या बरोबरीने व्हिंटनर्स आणि डायर्स, म्हणजे मद्यविक्रेते आणि रंगारी, या लंडनच्या दोन जुन्या व्यापारी श्रेणींना पंधराव्या शतकापासून टेम्सवरील हंसांचा वाटा आहे. या तिघांच्या वल्हवायच्या होड्या सनबरीपासून ॲबिंग्डनपर्यंत प्रवाहाविरुद्ध जातात आणि राजाच्या होडीतील माणसांच्या अंगावर लाल किरमिजी पोशाख असतो. पिलांसह एखादे जोडपे दिसले की ‘ऑल अप’ अशी हाळी देऊन होड्या त्याला सर्व बाजूंनी वेढतात, मोठ्या पक्ष्यांचे पंख व पाय हळुवार बांधून कुटुंब काठावर आणले जाते, पिलांचे वजन घेतात, मापे घेतात, गळ किंवा मासेमारीचा दोरा रुतला आहे काय हे पाहतात, पायात क्रमांकाचे कडे घालतात आणि सर्वांना पुन्हा पाण्यात सोडतात. पूर्वी डायर्सच्या हंसांच्या चोचीवर एक व व्हिंटनर्सच्या हंसांच्या चोचीवर दोन खाचा असत. ती पद्धत आता बंद आहे. विंडसर किल्ल्यासमोर आल्यावर वल्हेकरी उभे राहून ‘हंसांचा स्वामी’ या उपाधीने राजाला सलामी देतात. या सोहळ्यात आता पक्षिशास्त्राचा प्राध्यापक सहभागी असतो आणि जमलेली आकडेवारी संवर्धनासाठी वापरली जाते. हंस खाण्याची चाल केव्हाच गेली. देशातील प्रत्येक हंस राजाचा असतो हा समजही पुरता खरा नाही, कारण हक्क केवळ उघड्या पाण्यावरील बिनखुणेच्या मूक हंसांवर आहे आणि तो प्रत्यक्षात टेम्स व तिच्या काही उपनद्यांवरच बजावला जातो.

हंसांच्या जोडीला ‘राजमत्स्य’ येतात. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या, दुसऱ्या एडवर्डच्या काळातील समजल्या जाणाऱ्या राजाधिकारविषयक कायद्यात देवमासा आणि स्टर्जन, म्हणजे ज्याच्या अंड्यांपासून कॅव्हिअर करतात तो मासा, हे राजाचे म्हणून घोषित झाले. यातही जुन्या पंडितांनी पोटविभागणी केली होती : देवमाशाचे डोके राजाला आणि शेपटी राणीला, कारण राणीच्या वस्त्रांच्या बांधणीसाठी लागणारी लवचीक ‘व्हेलबोन’ तिला मिळावी. अठराव्या शतकात कायदेपंडित ब्लॅकस्टोनने हे कारण नोंदवून शांतपणे असेही लिहिले की ती वस्तू मुळात देवमाशाच्या डोक्यात असते. २००४ मध्ये वेल्समधील स्वान्झीच्या उपसागरात एका मच्छीमाराच्या जाळ्यात भलामोठा स्टर्जन सापडला, त्याने रीतसर तो राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांना देऊ केला आणि राजवाड्याकडून त्याची त्याने योग्य वाटेल तशी विल्हेवाट लावावी असे उत्तर आले; मात्र स्टर्जन ही आता संरक्षित प्रजाती असल्याने त्याने तो लिलावास काढला तेव्हा पोलिसांची चौकशी सुरू झाली आणि अखेर तो मासा लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये पोहोचला. राजाने हक्क सोडला तरी कायदा सोडत नाही, एवढे त्या मच्छीमाराला कळले असावे. येथे हेही नमूद केले पाहिजे की हे जुने हक्क विस्मरणातून टिकलेले नाहीत. १९७१ मध्ये पार्लमेंटने वन्य प्राण्यांवरील राजाचे जुने विशेषाधिकार एका कायद्याने रद्द केले तेव्हा ‘राजमत्स्य आणि हंस वगळून’ असा अपवाद जाणीवपूर्वक घातला.

खनिजांचा हक्क मात्र गमतीचा कधीच नव्हता. १५६८ मध्ये नॉर्दम्बरलंडच्या अर्लने आपल्या जमिनीतील केझिकजवळच्या तांब्याच्या खाणीवर दावा सांगितला आणि राणी एलिझाबेथ पहिली हिने तेथे जर्मन खाणतज्ज्ञांना दिलेल्या परवान्याला विरोध केला. न्यायाधीशांनी सोन्या-रुप्याच्या खाणी जमीन कोणाचीही असली तरी राजमुकुटाच्याच असे ठरविले, आणि तांब्यात सोन्या-रुप्याचा अंश असल्याचे निमित्त पुरे मानून ती खाणही अर्लच्या हातून गेली. नाणी पाडणे आणि सैन्य पोसणे ही राजाची कामे असल्याने त्याला मौल्यवान धातू लागतात, असा त्यामागील युक्तिवाद होता. पुढे १६८८ व १६९३ च्या कायद्यांनी तांबे, कथील, लोखंड व शिसे यांच्या खाणी या तावडीतून सोडविल्या, पण सोने-रुपे राजमुकुटाकडेच राहिले. जमिनीत पुरलेले धन सापडले तर तेही १९९६ च्या कायद्यानुसार सामान्यतः राजमुकुटाकडे जाते, आणि एखादे संग्रहालय ते घेत असल्यास शोधणाऱ्याला त्याची किंमत बक्षीस म्हणून मिळते. बायबलचे १६११ मध्ये प्रसिद्ध झालेले अधिकृत इंग्रजी भाषांतर हीदेखील अशीच एक खाण आहे; त्यावर मुदत संपणारा प्रताधिकार नाही, तर छपाईचा राजाधिकार आहे आणि तो न संपणारा आहे.

जमिनीच्या मालकीचे सरंजामी स्वरूप जितके स्पष्टपणे लंडनच्या एका वार्षिक विधीत दिसते तितके ते कोणत्याही ग्रंथात दिसत नाही. सर्व जमीन अंतिमतः राजाची आणि इतर सारे तिचे धारक, या तत्त्वानुसार धारकाने राजाला सेवा किंवा खंड द्यावा लागे, आणि सेवेच्या बदल्यात दिलेला नाममात्र खंड ‘क्विट रेंट’ म्हणून ओळखला जाई. दर वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास लंडन नगरीचा प्रतिनिधी ‘किंग्ज रिमेम्ब्रन्सर’ या आठशे वर्षांहून जुन्या पदावरील न्यायाधिकाऱ्यापुढे उभा राहून असे दोन खंड भरतो. पहिला श्रॉपशरमधील एका जमिनीचा, १२११ पासूनचा : एक बोथट कोयता आणि एक धारदार कुऱ्हाड. कोयता काठीवर मारून तो कापत नाही हे दाखवावे लागते आणि कुऱ्हाडीने काठी तोडून ती कापते हे दाखवावे लागते. दुसरा १२३५ पासूनचा, स्ट्रँड भागातील एका नालबंदाच्या भट्टीचा : सहा मोठे नाल आणि एकसष्ट खिळे. खिळे मोठ्याने मोजले जातात आणि संख्या बरोबर भरल्याचा निर्वाळा दिला जातो. श्रॉपशरमधील ती जमीन नेमकी कोणती हे आज कोणालाच सांगता येत नाही, भट्टीही केव्हाच नाहीशी झाली, आणि नाल तर चौदाव्या शतकापासूनचे तेच आहेत; राजमुकुट ते स्वीकारतो आणि पुढच्या वर्षी भरता यावेत म्हणून नगरीला परत उसने देतो.

या पद्धतीशी मुंबईचा संबंध थेट आहे. १६६१ च्या विवाहतहाने पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्याबरोबर मुंबई बेट इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला मिळाले, गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने खळखळ केल्यामुळे ताबा मिळावयास १६६५ उजाडले, आणि बेटाचा खर्च झेपेना तेव्हा राजाने २७ मार्च १६६८ च्या सनदेने ते ईस्ट इंडिया कंपनीला दिले. वर्षाला सोन्यात दहा पौंड हा खंड शाळेतील पुस्तकांमुळे परिचित आहे; सनदेतील दुसरी अट कमी परिचित आहे. कंपनीने मुंबई ‘ईस्ट ग्रीनविचच्या मॅनरप्रमाणे’, म्हणजे लंडनलगतच्या केंट परगण्यातील राजाच्या एका गावइस्टेटीचा भाग असल्यासारखी, लष्करी सेवेचे बंधन नसलेल्या साध्या धारणाधिकाराने धारण करावयाची होती. राजाने दिलेल्या जमिनीला इंग्लंडमधील कोणत्या तरी राजकीय इस्टेटीशी जोडल्याखेरीज तत्कालीन कायद्याला चैन पडत नसे, आणि अमेरिकेतील व्हर्जिनियाची सनदही १६०६ मध्ये त्याच गावाला टांगलेली होती. माहीम, परळ आणि वरळीच्या कोळीवाड्यांना आपण कायद्याच्या कागदावर केंटमध्ये नांदत असल्याची वार्ता कधी पोहोचली असेल, असे वाटत नाही.

आजच्या हिशेबात मात्र हंस किंवा नाल यांना काही मोल नाही. मोल आहे ते समुद्रतळाला. १७६० मध्ये तिसरे जॉर्ज यांनी राजमुकुटाच्या वंशपरंपरागत जमिनींचे उत्पन्न पार्लमेंटच्या स्वाधीन केले आणि त्याबदली ठरावीक नेमणूक स्वीकारली. त्या जमिनींचाच कारभार आज ‘क्राउन इस्टेट’ ही संस्था पाहते. लंडनची जवळजवळ संपूर्ण रीजंट स्ट्रीट तिच्याकडे आहे, तसेच इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंडभोवतीचा बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्रतळही. शतकानुशतके या तळाचा उपयोग वाळू उपसण्यापलीकडे फारसा नव्हता. पुढे २००४ च्या ऊर्जाविषयक कायद्याने किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंत वाऱ्यापासून वीज करण्याचे परवाने देण्याचा हक्क राजमुकुटाला मिळाला आणि पवनचक्क्यांसाठी तळ राखून ठेवण्याच्या शुल्काने संस्थेचा निव्वळ नफा २०२२-२३ मधील सुमारे ४४ कोटी पौंडांवरून २०२३-२४ मध्ये ११० कोटी पौंडांवर गेला. हा नफा सरकारी खजिन्यात जमा होतो. राजाला कामकाजासाठी मिळणारे अनुदान त्याच्या ठरावीक टक्क्यांवरून काढले जाते. नफा असा फुगल्यावर ते प्रमाण २५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आणले गेले, तरीही २०२५-२६ चे अनुदान ८ कोटी ६३ लाखांवरून १३ कोटी २१ लाख पौंड झाले. राजाचा या संस्थेच्या कारभारात हात नाही हे खरे; पण तिच्या नफ्याशी त्याचे अनुदान बांधणे हा १७६० च्या व्यवहाराला छेद देणारा निर्णय होता, आणि तो तितकासा शहाणपणाचा म्हणता येणार नाही.

बेवारस वस्तूचा धनी राजा ही धारणा केवळ इंग्लंडची नव्हे. जमिनीत सापडणाऱ्या जुन्या निधीत आणि धातूंत राजाचा निम्मा वाटा मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितला आहे, आणि तो रक्षणकर्ता व भूमीचा अधिपती असल्याचे कारणही दिले आहे. कालिदासाच्या ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकात धनमित्र नावाचा सागरी व्यापारी जहाज बुडून निपुत्रिक मरतो आणि त्याचे धन राजाकडे जाणार असे अमात्य कळवितो, तेव्हा दुष्यंत त्याची एखादी पत्नी गर्भवती आहे काय याची चौकशी करण्यास सांगतो, तशी ती असल्याचे समजल्यावर गर्भातील बालकाचा हक्क मान्य करतो आणि राजाचा हक्क मागे घेतो. इंग्रजी अमलात हा हक्क इंग्रजी कायद्याच्या भाषेत आला : दहा रुपयांहून अधिक मोलाचा गुप्त निधी सापडल्यास तो जिल्हाधिकाऱ्याला कळविण्याचे बंधन घालणारा १८७८ चा कायदा हे त्याचे उदाहरण.

प्रजासत्ताक झाल्यावर राजा गेला, पण त्याच्या वाट्याला येणारी मालमत्ता कोणाला तरी मिळणे भाग होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९६ ने याचे उत्तर दिले आहे : घटना अमलात आली नसती तर वारस किंवा हक्काचा धनी नसल्यामुळे जी मालमत्ता ब्रिटिश राजाला किंवा संस्थानिकाला मिळाली असती, ती आता ज्या राज्यात असेल त्या राज्याची आणि अन्य बाबतींत संघराज्याची. महाराष्ट्रात निर्वारस मरणाऱ्या माणसाचे घर ज्या हक्काने राज्य शासनाकडे जाते तो हक्क असा लंडनच्या राजाच्या जागी बसलेला आहे. त्यापुढील अनुच्छेद २९७ समुद्राखालील मौल्यवान वस्तूंविषयी आहे. १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने त्यात सागरमग्न खंडभूमीचा समावेश झाला, १९७६ च्या चाळिसाव्या दुरुस्तीने दोनशे सागरी मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातील साधनसंपत्तीचा, आणि त्याच वर्षी उत्पादन सुरू झालेल्या मुंबई हायच्या तेलावर महाराष्ट्राची नव्हे तर संघराज्याची मालकी आहे ती याच अनुच्छेदाने.